डेटाबेस लिंक अडली, तर शोध कुठून सुरू करायचा?



डेटाबेस शिकणारी मुलं एक तक्रार हमखास घेऊन येतात. "सर, लिंक तयार झाली म्हणतोय, पण चालतच नाही!" मुलं खोटं बोलत नसतात.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे तक्त्यांत मांडून ठेवलेली माहिती. समजा, एका सर्व्हरवर विद्यार्थ्यांची नावं आहेत आणि दुसऱ्या गावातल्या सर्व्हरवर त्यांचे गुण. पहिल्या डेटाबेसमध्ये बसून दुसऱ्यातले गुण वाचायची जी सोय असते, तिला ओरॅकलमध्ये डेटाबेस लिंक म्हणतात. ती तयार करताना ओरॅकल पत्ता, युजरनेम, पासवर्ड फक्त लिहून घेतं. पलीकडे कुणी आहे का, हे तेव्हा बघतच नाही. म्हणजे डायरीत नंबर लिहिला, फोन अजून लावलेला नाही.

फोन लावून बघायला 'डुअल' हा तक्ता सोयीचा. प्रत्येक ओरॅकल डेटाबेसमध्ये तो असतो आणि त्यात एकच ओळ असते. लिंकवरून ती ओळ आली, तर रस्ता मोकळा आहे. नाही आली, तर एररचा क्रमांक वहीत लिहायला सांगा. फोन कुठपर्यंत पोचला, ते तो क्रमांक सांगतो.

ओआरए-०२०१९ म्हणजे डायरीत नोंदच सापडली नाही. बऱ्याचदा लिंक एका युजरने खासगी म्हणून केलेली असते आणि वापरायला जातो दुसराच. ओआरए-१२१५४ म्हणजे नाव आहे, पण त्या नावाचा पत्ता लागत नाही.

इथे माझीच फजिती सांगतो. माझ्या लॅपटॉपवरच्या टीएनएसनेम्स फाइलमध्ये पत्ता अगदी बरोबर होता. लॅपटॉपवरून दूरच्या डेटाबेसला थेट जोडणीही होत होती, पण लिंक वापरली की १२१५४! एखादा कंस राहिला असेल म्हणून दीड तास तीच फाइल उलटसुलट तपासली. मग डोक्यात प्रकाश पडला. लिंकवरचा फोन मी लावतच नाही, तो पहिला डेटाबेस लावतो. पत्ता हवा तो त्याच्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये! तेव्हापासून मुलांना माझा पहिला प्रश्न असतो, "फोन कोण लावतंय?" लिंकची कुठलीही चाचणी त्या सर्व्हरवरूनच करायची, आपल्या पीसीवरून नाही.

पत्ता सापडला, पण ओआरए-१२५४१ आला, तर त्या पोर्टवर फोन उचलणारं कुणी नाही. उचलण्याचं काम लिसनर नावाचा प्रोग्राम करतो, बहुधा १५२१ या पोर्टवर. तो बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर आधी फायरवॉलवर संशय घ्या. ओआरए-१२५१४ मध्ये लिसनर फोन उचलतो आणि म्हणतो, या नावाची सर्व्हिस माझ्याकडे नाही. लिसनर नुकताच सुरू केला असेल, तर मिनिटभर थांबा, डेटाबेस त्याच्याकडे आपली नोंद करतो. टीएनएसपिंगचं 'ओके' पाहून मुलं खूश होतात, पण ते 'ओके' फक्त लिसनरपर्यंतचं. सर्व्हिस, पासवर्ड त्यात तपासलेच जात नाहीत.

ओआरए-०१०१७ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. ११जी आवृत्तीपासून पासवर्डमधली लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून लिंक करताना पासवर्ड दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायची सवय लावलेली बरी. सगळ्यात फसवा ओआरए-००९४२. तो म्हणतो, असा तक्ता नाही. बऱ्याचदा तक्ता असतो हो! लिंकमधल्या युजरला तो बघायची परवानगी नसते, म्हणून त्याच्यापुरता तो नाहीच.

इथवर फक्त वाचण्याची गोष्ट झाली. एकाच व्यवहारात दोन्हीकडे लिहायचं असेल, तर ओरॅकल आधी "तयार आहात ना?" असं विचारतं आणि मग कमिट करतं. नेमकी त्यामधल्या क्षणी लिंक तुटली, तर काही ओळी कुलूपबंद होतात आणि त्यांना हात लावणाऱ्याला ओआरए-०१५९१ दिसतो. लिंक परत आली की रेको नावाची प्रक्रिया बहुतेक वेळा हे आपोआप निस्तरते. तेवढा धीर नसतो, म्हणून कुणीतरी हाताने रोलबॅक करतं. पलीकडे कमिट झालेलं असलं, तर गुण एकीकडे नोंदले जातात आणि दुसरीकडे नाही, तेही कुठलाही एरर न दिसता. म्हणून हाताने काही करण्याआधी दुसऱ्या टोकाला काय ठरलं, ते तिथे जाऊन बघायला लावा.