दोन्ही स्टेशनं ‘सुगम’, पण गाडी बदलता येते का?

समजा, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीला लोणावळ्याहून वनाझला जायचंय. कागदावर सोपं आहे. लोकलने शिवाजीनगर, शेजारच्या भुयारी स्टेशनातून मेट्रो, आणि पुढच्याच जिल्हा न्यायालय स्टेशनला मार्गिका बदलायची. तिथे एक मार्गिका जमिनीखाली आहे, दुसरी उन्नत.

ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून लोकांनीच भरत आणलेला खुला नकाशा. त्यात स्टेशनला व्हीलचेअरसाठी ‘होय’, ‘मर्यादित’ किंवा ‘नाही’ असा टॅग लावता येतो. गोची इथेच आहे. टॅग लागतो बिंदूला, पण माणूस जातो वाटेने. दोन्ही स्टेशनांवर ‘होय’ असलं आणि मधल्या पुलाला फक्त पायऱ्या असल्या, की प्रवास तिथेच संपला.

म्हणून गाडी बदलणं ही साखळी समजा: डब्याचं दार, फलाट, पूल, रस्ता, लिफ्ट, तिकीट मजला, पुन्हा लिफ्ट, फलाट. प्रत्येक कडी नकाशात वेगळी नोंदवायची: पायऱ्या, उतार, रुंदी, मजला. मग ग्राफमधून पायऱ्यांच्या कडा काढून टाकायच्या आणि वाट उरते का, ते बघायचं.

आता खरा प्रश्न. नोंदच नसेल तर? बरेच जण रिकाम्या जागेला ‘नाही’ धरतात. मग त्या मुलीला आपण उगाच घरी बसवतो. ‘होय’ धरलं, तर ती फलाटावर अडकते. दोन्ही चुकांची किंमत तीच मोजते. त्यामुळे उत्तरं दोन द्या: माहिती नसलेल्या कड्या चालू धरून एक, बंद धरून दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं अज्ञान, आणि कुठे जाऊन पाहायचं त्याची यादीही तीच.

शिवाय लिफ्ट बंदही पडते. प्रत्येक लिफ्ट 100 पैकी 95 वेळा चालू असते असं गृहीत धरा. वाटेत चार लिफ्ट लागल्या आणि त्यांचे बिघाड एकमेकांवर अवलंबून नसले, तर अख्खी वाट खुली असण्याची शक्यता साधारण 81 टक्केच!

उपग्रहचित्रात भुयारातली लिफ्ट दिसत नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून माहिती उतरवणं परवान्यात बसत नाही. तेव्हा मोजपट्टी घ्या आणि स्टेशनवर जा. जमलं तर व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला सोबत येण्याची विनंती करा. कुठली कडी तुटते, हे त्यांना आपल्याआधी कळतं.