कौल जनतेचा, बंधन कायद्याचे

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे दोन चिन्हे होती: महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’, केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’. पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. पण कौल उलटा लागला असता, तरी त्या रात्रीच गोवा महाराष्ट्रात आला नसता. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्यांची घडण संसदेच्या हाती आहे. विलीनीकरणाला वेगळा कायदा लागलाच असता. या कौलासाठीचा १९६६ चा कायदाही फक्त लोकांची इच्छा अजमावण्यासाठी होता. कौलाला कायदेशीर बळ मिळते ते मतपेटीतून नव्हे, तर त्यामागच्या कायद्याच्या शब्दांतून. ब्रिटनने २०११ मध्ये मतदानपद्धतीवर घेतलेल्या सार्वमताचा निकाल कायद्यानेच सरकारवर बंधनकारक केला होता. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, सार्वमतासाठी तशी तरतूदच नव्हती, म्हणून २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला आधी संसदेकडे धाडले.

मग लोकांना विचारायचे तरी कशाला, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे, पण अर्धाच. ब्रेक्झिटचा कौल बंधनकारक नसूनही संसदेला तो टाळवला नाही. लोकलाजेचा हा दाब मोठाच. मात्र असा कौल मोडल्याबद्दल न्यायालयात दाद मागता येत नाही. शेवटी गोव्यालाही घटकराज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी, संसदेच्याच कायद्याने.