पोट कशाने भरते, वजन कशाने वाढते?

1939 साली गांधीजींचे वजन 46.7 किलो होते आणि उंची 165 सेंटिमीटर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2019 मध्ये त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत हे आकडे आहेत. तेव्हा ते सेवाग्रामला राहत. शेळीचे दूध, उकडलेल्या भाज्या, फळे असा त्यांचा आहार. अशा खाण्याने वजन वाढत नाही, असे आपण म्हणतो. पण असे का व्हावे?

वर्ध्याच्या ओळखीचे दोन पदार्थ घेऊ : संत्रे आणि गोरसपाक. सोललेल्या संत्र्यात 85 टक्क्यांहून अधिक पाणी असते. 100 ग्रॅममधून 50 पेक्षाही कमी उष्मांक मिळतात. गोरसपाकात कणीक, तूप आणि साखर असते, पाणी जवळजवळ नसते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून 4 उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9. म्हणून अशा कोरड्या, तुपाच्या पदार्थाच्या 100 ग्रॅममधून 450 च्या वर उष्मांक मिळतात. तेवढ्यासाठी नऊ-दहा संत्री खावी लागतील, आणि त्याआधीच पोट ‘पुरे’ म्हणेल! अन्नाने जठर ताणले गेले की मेंदूकडे सूचना जाते. जठराला उष्मांक मोजता येत नाहीत.

खर्चून उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपात साठते. कमी पडली तर त्या साठ्यातून काढली जाते. तेव्हा दोष एकट्या गोरसपाकाचा नाही. गरजेहून जास्त खाल्ली तर भाकरीही वजन वाढवते.

मग नुसते उष्मांक मोजले की झाले? 2019 मध्ये अमेरिकेत 20 प्रौढांवर एक प्रयोग झाला. त्यांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले तयार पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे अन्न. दोन्ही ताटांत वाढलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि चोथा सारखेच होते. हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. तयार पदार्थ मिळाले तेव्हा माणसे भराभर खात, आणि रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खात. त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. साध्या अन्नावर तेवढेच घटले.

आता पुन्हा गांधीजींच्या आकड्यांकडे वळू. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की सुमारे 17.1 येतात. प्रौढांमध्ये 18.5 च्या खाली वजन कमी मानतात. म्हणजे कमी वजन हे आपोआप चांगले वजन नव्हे. ही पट्टी मुलांना तर लावूच नये. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. वाढत्या मुलाला ‘कमी खा’ सांगण्यापेक्षा वरण, उसळ, भाजी, फळ ताटात कसे येईल ते पाहावे.

वर्गात एक प्रयोग करा. संत्र्याची फोड, भाकरीचा तुकडा, शेंगदाणा आणि शेव वेगवेगळ्या कागदांवर दाबा आणि कागद वाळू द्या. पाण्याचा डाग नाहीसा होईल. तेलाचा राहील आणि त्यातून उजेड दिसेल. मुलांना कारण विचारा.

मात्र मुलांची वजने वर्गात मोठ्याने वाचू नका. किडकिडीत आणि लठ्ठ, दोन्ही मुलांना चिडवले जाते. आणि ताटात काय वाढायचे हे बहुधा त्यांनी ठरवलेले नसते.