जोर नको, खळगा शोधा

चाक गोणपाटावर आडवं पडलंय. टायरच्या बाजूंना बारीक चिरा, नक्षी मात्र अजून शाबूत. रिमवरचा क्रीम रंग मूळचा असल्याचं गाडीचे मालक, काका, सांगतात आणि सांगता सांगता कडेवरून अंगठा फिरवतात. एका जागी अंगठा थांबतो. तिथं पोचा नाही, नुसता गंजाचा फोड आहे. काका सुटकेचा श्वास सोडतात.

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या दुमजली इमारतीच्या अंगणात हे काम चाललंय. सकाळचे साडेनऊ झालेत. अर्ध्या अंगणात ऊन, अर्ध्यात आंब्याची सावली. सावलीत १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट, डाव्या बाजूनं उचललेली. जॅक आहेच, पण खाली लाकडी ठोकळेही सरकवलेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर मामा गाडी ठेवत नाहीत.

मामा म्हणजे टायरवाले. साठी उलटलेली, हात मात्र दणकट. तरुणपणी नाशिक रस्त्यावर ट्रकचे टायर चढवायचे. त्या चाकांना लोखंडी लॉक रिंग असते आणि हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर उडून माणसाचा जीव घेते. तेव्हापासूनची सवय म्हणून ते आजही कुठल्याच चाकावर वाकून हवा भरत नाहीत. हाताखाली त्यांचा भाचा आहे, विशीतला, बोलायला कमी.

नवा टायर उन्हात ठेवलाय. त्याच्यावर माप आहे ५.२०-१४ : रुंदी सव्वापाच इंचांच्या आसपास, रिमचा व्यास १४ इंच. एकमेकांना तिरके छेदणाऱ्या धाग्यांचा, म्हणजे क्रॉस-प्लाय. हा कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळत नाही, मागवावा लागतो. रेडियल का नाही घेतला, असं मी विचारतो. काकांचं म्हणणं, गाडी जशी होती तशी ठेवायची आहे. मामा वेगळं कारण देतात : "घ्यायचे तर चारी रेडियल घ्या. पुढं रेडियल आणि मागं हे, असं केलंत तर वळणावर गाडीचं मागचं अंग निसटतं." काकांनी चारी क्रॉस-प्लाय मागवलेत. सकाळपासून टायर उन्हात आहे, कारण गार रबर ताठ असतं आणि ताठ रबराशी झटापट करताना पहिला मार रिमला बसतो.

भाचा वॉल्वची पिन काढतो. राहिलेली हवा फुसफुसत बाहेर येते. आता जुना टायर रिमपासून सुटायला हवा, पण वर्षानुवर्षांच्या गंजानं तो कडेला चिकटून बसलाय. मोठा घण उचलून दोन घाव घातले तर टायर सुटेलही, पण एक घाव हुकला की रिमला पोचा. मामा साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं कडेभोवती पिळतात, पाणी फटीत झिरपू देतात. मग टायरवर, कडेला अगदी लागून, फळी ठेवतात. "काका, तुम्ही या फळीवर उभे राहा." काका चप्पल काढून फळीवर चढतात. काही होत नाही. मामा फळी वीतभर सरकवतात, काका पुन्हा चढतात. तिसऱ्या जागी रबर कुरकुरतं आणि कडेपासून खाली बसतं. लगेच साबणाचं पाणी. असं चाकाभर फिरायचं, मग चाक उलटं करून दुसऱ्या बाजूला तेच.

एवढ्या वेळात यंत्रवाल्या दुकानात चारी चाकं झाली असती. ते काकांनी करून पाहिलंय. मागं एका दुकानात त्यांनी एक चाक दिलं होतं. ते चाक आज भिंतीला टेकून ठेवलंय आणि काका मला मुद्दाम दाखवतात. पोलादी जबड्यांनी जिथं रिम धरली तिथं चार जागी रंग उडून पत्रा उघडा पडलाय, आणि कडेला बोटभर लांबीचा वाक आहे. टायर ट्यूबचा असल्यानं हवा टिकते, पण चाक फिरलं की तो वाक डोळ्यांना दिसतो. यंत्र वाईट नाही. आजच्या जाड कडांच्या चाकांसाठी ते उत्तम आहे. साठ वर्षांच्या, गंजानं पातळ झालेल्या पत्र्याचा अंदाज मात्र त्याला नाही, आणि बटण दाबणाऱ्यालाही तो घ्यायला वेळ नसतो.

मामा टायरपट्ट्या काढतात. तीन आहेत, चपट्या, टोकं गोल घासलेली. पाणी घालायच्या पाइपचे वीतभर तुकडे उभे चिरून त्यांनी रिमच्या कडेवर बसवलेत. पट्टी टेकणार ती या तुकड्यांवर, पत्र्यावर नाही.

आता खरी खुबी. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारांचा वेढा असतो. मामा त्याला नुसतं 'तार' म्हणतात. तार ताणत नाही आणि ताणली जाऊही नये, कारण धावत्या गाडीत टायरला रिमवर धरून ठेवते ती हीच. तारेचं माप १४ इंचांचं, आणि रिमची कड त्याहून इंचापेक्षाही जास्त मोठी. लहान वेढा मोठ्या कडेवरून जायचा कसा? रिमच्या पोटात गोल फिरणारा एक खळगा असतो. तारेची एक बाजू त्या खळग्यात उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. कासार बांगडी भरताना बांगडी ताणत नाही, हात दाबून लहान करतो. इथं तारेला तशी वाट हा खळगा करून देतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी १८९० साली खळग्याच्या रिमचं पेटंट घेतलं. आजच्या मोटारींची चाकंही त्याच तत्त्वावर आहेत. ज्याच्या मनात हा खळगा पक्का बसलाय त्याला जोर लागत नाही. ज्याला तो ठाऊक नाही, तो पट्टीवर लोंबकळतो आणि कड वाकवतो.

आणखी एक गोष्ट मामा हात लावून दाखवतात. खळगा रिमच्या बरोबर मध्यावर नसतो, एका कडेला जवळ असतो. "ह्याच बाजूनं काढायचा, ह्याच बाजूनं घालायचा. उलट्या बाजूनं गेलात तर दिवस जाईल नि रिमही जाईल." भाचा वॉल्वच्या समोरची बाजू दोन्ही गुडघ्यांनी खळग्यात दाबून धरतो. मामा वॉल्वपाशी पहिली पट्टी घालतात, मग चार बोटांवर दुसरी. एकेका वेळी दोन-तीन इंचच. पट्टी जड गेली की मामा थांबतात, जोर वाढवत नाहीत. भाच्याला नुसतं "सुटलंय" म्हणतात. गुडघे पुन्हा दाबले जातात, पट्टी हलकी होते.

टायर निघतो. उघडी रिम उन्हात धरली की आत काय चाललंय ते कळतं. ठाण्याच्या पावसाळ्यांनी खळग्यात तांबड्या गंजाचे पापुद्रे साचलेत, आणि असल्याच एका पापुद्र्यानं आतून ट्यूब घासली गेलीय. मामा तारेच्या ब्रशनं रिम घासतात, मग पॉलिश पेपरनं, आणि फक्त आतल्या बाजूला रेड ऑक्साईडचा हात देतात. बाहेरच्या मूळ रंगाला कुणी बोट लावायचं नाही, अशी काकांची सक्त ताकीद आहे. रंग सुकेपर्यंत चहा येतो.

चहाबरोबर काका गाडीची कुळकथा सांगतात. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतली. ती बनली कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. पुढं याच गाडीची भावंडं १९७४ पासून 'पद्मिनी' नावानं मुंबईची टॅक्सी झाली. प्रीमियरचा आणखी एक कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शिळ रस्त्यावर होता. तिथं नव्वदच्या दशकात प्युजो ३०९ बनायची. सिएटचा टायर कारखाना भांडुपला. म्हणजे गाडी कुर्ल्याची, टायर भांडुपचा, आणि दोन्ही ठिकाणं ठाण्याहून लोकलनं गाठता येणारी. आता प्रीमियरचे दरवाजे बंद आहेत आणि काळी-पिवळी पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जातायत. उद्या ही इमारत गेली तर नव्या पार्किंगच्या लोखंडी मजल्यावर ही गाडी कशी चढवायची, हा काकांचा घोर आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक देणारा केंद्राचा नियम जुलै २०२१ मध्ये आला. काकांचा अर्ज भरून तयार आहे. चाकं झाली की फोटो काढायचे.

रंग सुकलाय. मामा नव्या टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावतात. ग्रीस किंवा ऑइल नाही, त्यानं रबर खराब होतं. पहिली कड हातानंच आत जाते, पट्टी लागत नाही. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळून तिच्यात आकार येईल इतकीच हवा भरतात, म्हणजे ती पट्टीखाली सापडत नाही. दुसरी कड वॉल्वच्या समोरून सुरू करून वॉल्वपाशी संपवतात. तिथं ट्यूबला जाड बुंधा असतो, तार खळग्यात उतरत नाही, म्हणून ती जागा शेवटी. शेवटचे चार इंच अडतात. भाचा पट्टीकडे हात नेतो. मामा मान हलवतात, वॉल्व आत ढकलतात, समोरच्या बाजूवर स्वतः गुडघा टेकतात आणि दोन्ही तळव्यांनी कड सारतात. टप् आवाज होतो. पट्टी नाही, ओरखडा नाही. काका नकळत टाळी वाजवतात.

हवा भरायला सगळे दोन पावलं मागं. मामा हवा भरतात, पूर्ण सोडतात, पुन्हा भरतात, म्हणजे ट्यूबची घडी सुटते. टायरच्या बाजूवर कडेलगत एक बारीक उठावाची रेघ आहे. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसेपर्यंत मामा चाक फिरवून पाहतात. एका जागी ती आत गेलीय. पुन्हा हवा सोडणं, पुन्हा साबण, पुन्हा हवा. मग चाक हबवर चढतं, भाचा कडेजवळ खडू धरतो, मामा चाक गरकन फिरवतात. खडू कुठंच लागत नाही.

एका चाकाला दोन तास गेलेत. अजून तीन आहेत. मामांनी सांगितलेली मजुरी यंत्रवाल्या दुकानाच्या कितीतरी पट आहे आणि काका ती घासाघीस न करता देणार आहेत. ते योग्यच आहे. हे काम शिकायला भाच्यासारखी पोरं तेव्हाच टिकतील जेव्हा त्यात पोट भरेल.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर टायरच्या बाजूवर शेवटी छापलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. काकांच्या जुन्या टायरवर ०९११ आहे, म्हणजे २०११ चा नववा आठवडा. दहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदला. बदलताना चाक दुकानात टाकून घरी येऊ नका. शेजारी उभे राहा, पट्टीखाली पाइपचे तुकडे ठेवायला सांगा, आणि लागेल तेवढ्या वेळाचे पैसे द्या. नवा टायर मागवता येतो. मूळची रिम एकदा वाकली की भंगारवाल्यांकडे शोधावी लागते.