पट कोणी मांडला?

आमच्या कार्यालयात संध्याकाळी वस्तीतली चार-पाच पोरं येऊन बसतात. कोणी कायद्याचा विद्यार्थी, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. मध्यंतरी त्यांच्यात एका अमेरिकन मालिकेवरून वाद जुंपला. मालिकेचे नाव 'द वायर'. २००२ ते २००८ या काळात एचबीओ वाहिनीवर तिची पाच पर्वे आणि ६० भाग दाखवले गेले. पोरांना त्यातला ओमार लिटल भलताच आवडलेला. हा दरोडेखोर, पण लुटतो तो ड्रग्जचा धंदा करणाऱ्यांनाच. त्यातला एक पोरगा म्हणाला, "दादा, बघाच तुम्ही. शेवटी काहीच बदलत नाही, हेच त्यांनी दाखवलंय. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे?"

हे वाक्य आम्हाला बोचले. चळवळीच्या सावलीत वाढलेल्या पोराच्या तोंडी 'काहीच बदलत नाही' हे शब्द येतात, तेव्हा ते कुठून आले हे तपासणे आमचे काम आहे. म्हणून आम्ही साठही भाग पाहिले.

प्रथम जे खरे आहे ते सांगू. ही मालिका आपल्याकडच्या चोर-पोलिसांच्या मालिकांसारखी नाही. तिचा कर्ता डेव्हिड सायमन हा बाल्टिमोर शहरातल्या 'बाल्टिमोर सन' या दैनिकाचा पोलीस वार्ताहर होता. त्याचा जोडीदार एड बर्न्स हा त्याच शहरात खुनांचा तपास करणारा पोलीस, आणि नंतर सरकारी शाळेतला शिक्षक. दोघांनी जे वर्षानुवर्षे पाहिले तेच मांडले. पहिल्या पर्वात ड्रग्जचा धंदा आणि पोलिसांचे फोन टॅपिंग, दुसऱ्यात बंदरावरचे कामगार, तिसऱ्यात महापालिकेचे राजकारण, चौथ्यात शाळा आणि पाचव्यात वर्तमानपत्र. एकेक खाते उघडावे तशी ही मालिका एक शहर उघडून दाखवते.

पहिल्याच पर्वात एक प्रसंग आहे. धंद्यातला डीअँजेलो दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो. राजा जागचा हलत नाही, सगळे त्याला वाचवतात. प्यादी पुढे असतात आणि आधी मरतात. बोडी नावाचा पोरगा विचारतो की प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले तर? त्याला वाटते आपण हुशार आहोत, आपण पोचू. तो पोचत नाही. दुसरा पोरगा वॉलेस अवघा सोळा वर्षांचा. त्याला त्याचेच मित्र मारतात, वरून आलेल्या हुकमावरून.

आता पोलिसांकडे या. तिथे गुन्हा थांबवण्यापेक्षा आकडा खाली आणण्याला किंमत आहे. बढती हवी तर आकडे दाखवा, आणि आकडे खाली येत नसतील तर गंभीर गुन्हा किरकोळ कलमाखाली नोंदवा! चौथ्या पर्वात प्रेझ नावाचा पोलीस नोकरी सोडून गणिताचा शिक्षक होतो, तर शाळेतही तोच खेळ. मुले शिकली नाहीत तरी चालेल, परीक्षेचा आकडा वर गेला पाहिजे. कार्सेटी नावाचा गोरा नगरसेवक बदलाची भाषा करीत महापौर होतो. शाळांच्या तिजोरीत खड्डा पडतो तेव्हा राज्याची मदत घेतली तर आपल्या पुढच्या निवडणुकीला बाधा येईल म्हणून तो ती नाकारतो. मुलांचे वाटोळे झाले, त्याचे गव्हर्नरपद मात्र पक्के झाले. न्यायालयात वीस वर्षे घालवलेल्या आमच्यासारख्या माणसाला यातले काहीही परके वाटले नाही.

मालिकेचे मोठेपण इथेच आहे. गुन्हा माणसाच्या रक्तात असतो, जन्मात असतो, या समजाला ती मूठमाती देते. हा समज आम्हाला नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इथल्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पोलीस ठाण्यातला संशय मात्र गेला नाही.

पण आमचा प्रश्न पुढे आहे. प्यादी दिसली, राजा दिसला. हा पट कोणी मांडला?

उत्तर बाल्टिमोरच्या इतिहासात आहे. १९१० साली जॉर्ज मॅकमेकन नावाचे कृष्णवर्णीय वकील, येल विद्यापीठाचे पदवीधर, मॅककलोह रस्त्यावरच्या गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेले. वकील, शिकलेला, सभ्य माणूस! तरी गोरे शेजारी खवळले. त्याच वर्षी डिसेंबरात महापालिकेने वटहुकूम काढला. ज्या गल्लीत गोरे बहुसंख्य तिथे कृष्णवर्णीयाने राहायला जायचे नाही आणि कृष्णवर्णीयांच्या गल्लीत गोऱ्याने जायचे नाही. रहिवासाची अशी विभागणी कायद्याने करणारे अमेरिकेतले हे पहिले शहर. कागदावर दोघांना सारखाच नियम, प्रत्यक्षात एकाला महाल आणि दुसऱ्याला खुराडे. घर कुठे असावे हे जातीवरून ठरवणारी गावकुसाची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

पुढे १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे वटहुकूम रद्द केले. मग खरेदीखतातच अटी घातल्या गेल्या की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही. १९४८ मध्ये न्यायालयांनी त्या अटींची अंमलबजावणी करायची नाही असा निकाल आला. मधल्या काळात, १९३० च्या दशकात, सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या आणि त्या वस्त्यांतल्या घरांना कर्ज मिळेनासे झाले. कर्ज नाही म्हणून घराची किंमत नाही. पुढे कारखानेही गेले. रिकाम्या घरांच्या ज्या रांगांपुढे मालिकेतली पोरे ड्रग्ज विकतात, त्या रांगा आकाशातून पडलेल्या नाहीत.

कायद्याने शिक्षाही तशीच वाटली. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षे कैद, आणि कोकेनच्या भुकटीला तेवढीच कैद व्हायला ५०० ग्रॅम लागत. द्रव्य मुळात एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. शंभरास एक हे प्रमाण २०१० साली अठरास एकवर आले. म्हणजे अन्याय संपला नाही, थोडा स्वस्त झाला.

आणि आता मालिकेवरचा आमचा खरा आक्षेप. साठ भागांत एकटीदुकटी भली माणसे आहेत. तुरुंगातून सुटून पोरांसाठी बॉक्सिंगची तालीम काढणारा कटी आहे, एका मुलाला आपल्या घरी नेणारा कोल्विन आहे. पण संघटना कुठे आहे? चळवळ कुठे आहे? बाल्टिमोर हे थर्गूड मार्शल यांचे जन्मगाव. वर्णभेदामुळे आपल्याच राज्याच्या विद्यापीठात त्यांना कायदा शिकायची सोय नव्हती. वकील झाल्यावर त्यांनी १९३५ मध्ये त्याच विद्यापीठाला कोर्टात खेचले आणि डोनाल्ड मरे या विद्यार्थ्यासाठी दार उघडून घेतले. १९६७ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. याच शहरात लिली मे जॅक्सन या बाईंनी १९३५ ते १९७० 'एनएएसीपी' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची शाखा चालवली. त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. निग्रोंचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे कसे मांडले जात आहे, त्याचा मसुदा बाबासाहेबांना हवा होता. हे नाते आमच्या पोरांना ठाऊक हवे.

मालिका सुरू होती त्याच काळात, २००५ साली, सुमारे सव्वासहा लाखांच्या या शहरात पोलिसांनी वर्षभरात एक लाखाहून अधिक अटका केल्या. २००६ मध्ये 'एनएएसीपी' आणि 'एसीएलयू' यांनी शहरावर दावा लावला. २०१० मध्ये शहराला तडजोड करावी लागली. हे मालिकेत नाही.

अन्याय तिथेच थांबला नाही. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा २५ वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मेला. सहा पोलिसांवर आरोप ठेवले, एकालाही शिक्षा झाली नाही. पण लोक रस्त्यावर उतरले म्हणून केंद्राच्या न्याय खात्याला चौकशी करावी लागली. २०१६ च्या अहवालात निघाले की रस्त्यावर माणसे अडवण्याच्या प्रकारांपैकी ४४ टक्के प्रकार दोन लहान, कृष्णवर्णीयबहुल विभागांत घडले. त्या विभागांत शहराची लोकसंख्या होती अवघी ११ टक्के. पुढच्याच वर्षी पोलीस खाते न्यायालयाच्या देखरेखीखाली आले.

आणि गुन्हे? २०१५ ते २०२२ दरवर्षी शहरात ३०० हून अधिक खून झाले. २०२४ मध्ये हा आकडा २०० च्या आसपास आला. कारणे अनेक असतील. पण त्याच वस्त्यांतली, कधीकाळी तुरुंग पाहिलेली माणसे २००७ पासून 'सेफ स्ट्रीट्स' या कार्यक्रमात भांडणे गोळीपर्यंत जाण्याआधी मिटवत फिरत आहेत, हे विसरून चालणार नाही. यांच्या कामात ना धाडी, ना फोन टॅपिंग!

पोरांना आम्ही एवढेच सांगितले. मालिका जरूर बघा. संस्था माणसाला कशी चिरडते हे शिकायला ती उत्तम आहे. पण ओमारसारखे व्हावे असे वाटले तर त्याचा शेवट आठवा. एका दुकानात उभा असताना एका लहान पोराच्या गोळीने तो मरतो, आणि दुसऱ्या दिवशी धंदा तसाच सुरू असतो. एकटा शूर माणूस पट उलटवू शकत नाही. मॅकमेकन यांच्या दारात वटहुकूम आला तेव्हा त्यांचे वकिलीतले भागीदार अ‍ॅशबी हॉकिन्स तो वटहुकूम घेऊन कोर्टात गेले. ओमारचे नाव आमच्या पोरांना पाठ आहे. हॉकिन्स यांचे नाव त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकले.

पट माणसांनी मांडला आहे. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले, ते तो उधळण्यासाठीच. आता कायद्याचे शिक्षण घेणारा तो पोरगा येत्या रविवारी वस्तीत अटक आणि जामिनाचे हक्क सांगणार आहे. आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकणार आहोत.