कंत्राट संपले, म्हणून बाळंतपणाचा हक्क संपत नाही

कळंबच्या सरकारी दवाखान्यात आपली लेकसून अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असेल, तर हे तिला वाचून दाखवा.

दिल्लीच्या जनकपुरीतील सरकारी रुग्णालयातल्या एक कंत्राटी डॉक्टर 1 जून 2017 पासून बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. कंत्राट 11 जूनला संपले. लाभ मंजूर झाला अकराच दिवसांचा! सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑगस्ट 2023 रोजी सांगितले, कंत्राटाची मुदत आड येत नाही. लाभ पूर्ण 26 आठवड्यांचा द्या. (नोकरी मात्र यामुळे आपोआप वाढत नाही.)

अट एवढीच, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेले हवे. रजेत असताना पगार कमी करणारा नवा करार लादणेही बेकायदा. म्हणून रजेचा अर्ज लेखीच द्या, शिक्क्याची पोच घ्या आणि जुन्या कराराची झेरॉक्स घरी ठेवा.