नौकावाहू ट्रेलरची ब्रेकरचना आणि घाटउतारावरील सुरक्षितता : एक ऊर्जाविचार

प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकविताना आपण उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे उदाहरण देतो. स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर झाले की गणित संपते. घाट उतरणाऱ्या वाहनाचे गणित मात्र तेथेच सुरू होते. वाहनाचा वेग वाढू द्यावयाचा नसतो, म्हणजेच मुक्त झालेली सर्व ऊर्जा अन्यत्र कोठेतरी जिरवावी लागते. प्रस्तुत लेखात मोटारीमागे नौका ओढून नेणाऱ्या ट्रेलरच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेत अशा ट्रेलरांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो आणि तेथील पर्वतरांगांत ब्रेकच्या रचनेतील एक मूलभूत विसंगती स्पष्टपणे उघडी पडते.

सर्ज ब्रेकचे कार्य

नौकावाहू ट्रेलरांवर बहुधा 'सर्ज ब्रेक' असतो. ट्रेलरच्या जोडदांड्यात एक सरकता भाग व त्यामागे मास्टर सिलिंडर असतो. पुढील वाहन मंदावले की ट्रेलर स्वतःच्या जडत्वाने त्यास ढकलतो, सरकता भाग आत दाबला जातो आणि तेलाचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचतो. विजेची गरज नाही, चालकाने काही करावयाचे नाही. नौका पाण्यात उतरविताना ट्रेलरची चाके पाण्यात, अनेकदा खाऱ्या पाण्यात बुडतात. तेथे विद्युतचुंबकावर चालणारे ब्रेक टिकत नाहीत. सर्ज ब्रेक रूढ झाला, तो या कारणाने.

तथापि जी गोष्ट धक्क्यावर गुण ठरते, तीच घाटात दोष ठरते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे, हा सर्वमान्य नियम आहे. इंजिन मोटारीस रोखून धरते हे खरे, परंतु मागचा ट्रेलर तर उतारामुळे पुढे ढकलतच असतो. सर्ज ब्रेकला ही ढकल आणि चालकाने ब्रेक दाबल्यामुळे आलेली ढकल यांतील भेद कळत नाही. परिणामी चालकाचा पाय ब्रेकवर नसतानाही ट्रेलरचे ब्रेक कमीअधिक घासत राहतात. विद्युत ब्रेक असल्यास चालक ते मोकळे ठेवून ट्रेलरचा भार इंजिनावर सोपवू शकतो. सर्ज ब्रेकमध्ये ही निवड चालकाच्या हाती नाही.

एका उताराचे गणित

कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा आय-७० महामार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडतो आणि अंदाजे १३ किलोमीटरमध्ये सुमारे ७०० मीटर खाली सिल्व्हरथॉर्नला उतरतो. काही भागांत उतार ७ टक्के आहे. जवळच डिलन जलाशय असल्याने नौका घेऊन जाणारी मंडळी या मार्गाने येतात.

नौकेसह ट्रेलरचे वजन २,००० किलो मानू. ७०० मीटर उतरताना सुमारे १.३७ कोटी ज्यूल ऊर्जा मुक्त होते. टायरचे घर्षण व हवेचा रोध यांनी एकतृतीयांश घेतली असे धरले, तरी ९० लाख ज्यूल उरतात. प्रत्येकी ५ किलोचे चार लोखंडी ड्रम असतील आणि ही सर्व उष्णता त्यांतच साठली, तर तापमान सुमारे ९८० अंश सेल्सिअसने वाढेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण काही भार मोटारीकडे जातो आणि बरीच उष्णता हवा वाहून नेते. परंतु त्यासाठी वेळ लागतो. हे अंतर ताशी ८० किलोमीटरने दहा मिनिटांत, तर ताशी ५० ने सुमारे सोळा मिनिटांत कापले जाते. हळू उतरण्याचे महत्त्व येथे आहे. ऊर्जा तीच राहते, थंड होण्यास मिळणारा अवधी मात्र वाढतो.

ड्रम तापला की प्रसरण पावून ब्रेक-शूपासून दूर जातो आणि लायनिंगचे घर्षणही घटते. डिस्क ब्रेकमध्ये तबकडी पॅडच्या दिशेने जाड होते, म्हणून तो येथे सरस ठरतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, हा आणखी एक धोका. डॉट-३ प्रकारच्या ताज्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, तर ओलावा शोषलेल्या तेलाचा १४० अंश ठरविलेला आहे. तेल उकळून वाफ झाली की दाब वाफेतच जिरतो आणि ब्रेक लागत नाही. तापलेले हब लगेच थंड पाण्यात बुडविले तर आतील हवा आकुंचन पावून बेअरिंगमध्ये पाणी ओढले जाते. म्हणून जलाशयावर पोहोचताच नौका उतरविण्याची घाई करू नये.

नियंत्रण कोणाचे?

ट्रेलर मागे डोलू लागल्यास केवळ ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून त्यास ताणून धरणे, हा परिचित उपाय आहे. सर्ज ब्रेकमध्ये तोही उपलब्ध नाही. चालकाचे थेट नियंत्रण नाही, या कारणास्तव अमेरिकेच्या संघीय नियमांत व्यावसायिक वाहनांना हा ब्रेक मान्य नव्हता. २००७ मध्ये तो मान्य झाला, परंतु वजनाच्या अटीवर. १२,००० पौंडांपर्यंतचा ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाच्या १.७५ पटींहून आणि त्यापुढे २०,००० पौंडांपर्यंतचा १.२५ पटींहून जड असता कामा नये. ही वजने प्रत्यक्ष नसून निर्मात्याने ठरविलेली कमाल वजने होत.

बोरघाटातील रेल्वेमार्गाशी याची तुलना उद्बोधक आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गाची चढण ३७ स एक, म्हणजे केवळ २.७ टक्के. तरीही निसटलेली गाडी चढावर वळविण्यासाठी तेथे बाजूच्या मार्गिका राखल्या गेल्या. आय-७० च्या उपरोक्त उतारावरही बेकाबू मालमोटारींसाठी खडी पसरलेल्या चढाच्या मार्गिका आहेत. मात्र आजच्या रेल्वेचा ब्रेक संपूर्ण गाडीभर चालकाच्या हाती असतो आणि नळी तुटल्यास आपोआप लागतो. ट्रेलरमध्ये जोड सुटल्यास ब्रेक लावणारी तार असते. ती योग्य ठिकाणी अडकवली आहे ना, हे पाहणे चालकावरच सोपविलेले असते.

अलीकडे मोटारीतून विद्युत संकेत आणि चाकांशी तेलाचा दाब, अशी संमिश्र रचना मिळते. तिचा विद्युत पंप जोडदांड्यावर, पाण्याबाहेर बसतो, त्यामुळे धक्का आणि घाट या दोहोंची गरज भागते. किंमत अधिक असल्याने साध्या ट्रेलरांवर सर्ज ब्रेकच आढळतो. तो असलेल्या चालकाने उताराच्या माथ्यावरच वेग कमी करावा आणि वाटेत जागा मिळेल तेथे थांबून ब्रेक निवू द्यावेत. हबला हात लावून पाहू नये. जवळ तळहात नेला तरी आच कळते.